कंट्रोल-एची कुळकथा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे हल्ली त्याच्या लॅपटॉपवर सदानकदा ती काळी खिडकी उघडी असते. (नातेवाईक मंडळींसाठी : काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. तिथे माऊसला कुणी विचारत नाही. संगणकाकडून काय हवंय ते टाईप करायचं आणि एंटर मारायचं.) तर हा पठ्ठ्या दोन ओळींची लांबलचक आज्ञा टाईप करून बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की पहिल्याच शब्दात एक अक्षर चुकलंय. झालं. डावा बाण. टक टक टक टक... मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, तिथपर्यंत आवाज येत होता. चहा गाळून झाला तरी टकटक सुरूच.

"अरे, कंट्रोल-ए दाब!" मी तिथूनच ओरडले.

एक टक. मग शांतता. मग, "आत्या, हे तुला कुणी सांगितलं?"

खरंच, कुणी सांगितलं? मला पहिल्या नोकरीतल्या एका सीनियरने सांगितलं होतं, तेही असंच, माझ्या टकटकीला वैतागून. त्याला आणखी कुणीतरी. पुस्तकात वाचून हे शिकलेली माणसं मला फारशी भेटलेली नाहीत. आजीच्या हातची फोडणी जशी बघून बघून येते तशातलीच ही विद्या.

पण भाच्याचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "ए दाबल्यावर ओळीच्या सुरुवातीला का जातं? आणि कंट्रोल धरून डावा बाण दाबला की माझ्या लॅपटॉपवर एकेक शब्द मागे जातं, पण सर्व्हरवर लॉगिन केलं की स्क्रीनवर अर्धविराम, ५ आणि डी उमटतं. हे काय आहे?"

चहा निवला, पण त्या प्रश्नाने मला पार १९६३ सालापर्यंत नेलं.

*

कर्सर हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ धावणारा. संगणकाच्या आधी तो स्लाईडरूलवर होता. घरात कुणाची जुनी स्लाईडरूल असेल तर बघा, त्यावरची ती सरकणारी काच आणि मधली बारीक रेघ, तिला कर्सर म्हणत. तिथून तो पडद्यावर आला.

पण सुरुवातीच्या टर्मिनलला पडदाच नव्हता. १९६३ साली आलेलं टेलिटाईप मॉडेल ३३ हे यंत्र म्हणजे वायरीने जोडलेला टाईपरायटर. सेकंदाला १० अक्षरं, सगळी कॅपिटल, कागदाच्या गुंडाळीवर ठोकलेली. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं ते अशाच यंत्रांवर. कागदावर एकदा ठोकलेलं अक्षर पुसणार कसं? मग युनिक्सने तोडगा काढला : # टाईप केलं की आधीचं अक्षर रद्द, @ टाईप केलं की अख्खी ओळ रद्द. म्हणजे फायलींची यादी मागणारी एलएस ही आज्ञा देताना चुकून एल, एक्स असं झालं, तर पुढे # आणि एस मारायचं. कागदावर चारही अक्षरं दिसणार, संगणक मात्र 'एलएस' समजणार. मागे जायची सोय नाही, फक्त 'तो शब्द मागे घेतो' म्हणायची सोय.

त्या टेलिटाईपवर एक कंट्रोल नावाचं बटण होतं. आणि त्याच १९६३ साली आस्की हे अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण ठरलं. एकूण १२८ क्रमांक. त्यातले पहिले ३२, म्हणजे ० ते ३१, अक्षरांचे नव्हेतच, ते यंत्राला द्यायचे हुकूम. ७ म्हणजे घंटा वाजव (खरीखुरी घंटा, यंत्राच्या पोटातली!), ८ म्हणजे एक घर मागे, १० म्हणजे कागद एक ओळ वर सरकव, १३ म्हणजे छपाईचा गाडा पहिल्या घरात आण. हे हुकूम बोटांनी द्यायचे तर कंट्रोल धरून अक्षर दाबायचं. हिशोब सोपा आहे : कॅपिटल अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा करा. ए चा क्रमांक ६५, म्हणून कंट्रोल-ए म्हणजे १. जी चा ७१, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, घंटा. आजही टर्मिनलमध्ये हाच हिशोब चालतो. आपण कंट्रोल-ए दाबतो तेव्हा पलीकडे 'ए' पोचतच नाही, नुसता १ पोचतो.

याच पिढीचा आणखी एक अवशेष भाच्याला दुसऱ्या दिवशी भेटला. कंट्रोल-एस दाबलं आणि टर्मिनल गोठलं. घाबरून तो लॅपटॉपच बंद करायला निघाला होता. कंट्रोल-एस म्हणजे टेलिटाईपच्या छिद्रांच्या कागदी पट्टीला 'थांब', आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू हो'. पट्टी गेली, वाचणारं यंत्र गेलं, पण थांबायचा हुकूम अजून पाळला जातोय. वाडा पडला तरी दिंडी दरवाजा उभा, तसं.

*

आता 'ए' म्हणजे ओळीची सुरुवात हे कुणी ठरवलं त्याची गोष्ट. मला ही गोष्ट फार आवडते, आणि ती फक्त बटणांची नाही.

एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये टेको नावाचा एडिटर वापरत. तो डॅन मर्फीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला केला होता, मुळात कागदी पट्टीवरच्या चुका दुरुस्त करायला. सत्तरच्या दशकात तिथे पडदे आले. मग रिचर्ड स्टॉलमनने टेकोत अशी सोय केली की कुठल्याही बटणाला आपल्याला हवं ते काम लावता येईल. सोय उत्तमच. पण हुशार माणसांना अशी सोय दिली की काय होतं? प्रत्येकाने आपापली बटणं ठरवली. माझा कंट्रोल-के वेगळा, तुझा वेगळा. १९७६ पर्यंत अशी परिस्थिती आली की एकाला दुसऱ्याच्या टर्मिनलवर बसून साधी ओळ दुरुस्त करता येईना. एका लॅबमध्ये, एका संगणकावर, शेजारीशेजारी बसणाऱ्या माणसांच्या बोटांच्या बोली वेगवेगळ्या.

तेव्हा गाय स्टील या माणसाने सगळ्यांच्या बोली गोळा करून त्यातून एक सामाईक संच करायचं मनावर घेतलं. डेव्हिड मून वगैरे मंडळीही त्यात होती. काम पूर्ण केलं ते स्टॉलमनने, आणि १९७६ साली त्यातून ईमॅक्स जन्माला आला. एफ म्हणजे फॉरवर्ड, एक अक्षर पुढे. बी म्हणजे बॅकवर्ड. एन म्हणजे नेक्स्ट, खालची ओळ. पी म्हणजे प्रीव्हियस, वरची. ई म्हणजे एंड, ओळीचा शेवट. आणि ए? वर्णमालेची सुरुवात ती ओळीची सुरुवात. शिवाय मेटा नावाचं आणखी एक बटण होतं, ते स्टॅनफर्डच्या एआय लॅबच्या कीबोर्डवरून आलेलं. कंट्रोल-एफ एक अक्षर पुढे, तर मेटा-एफ एक शब्द पुढे. आपल्या कीबोर्डवर मेटा नाही, म्हणून ते काम आल्ट करतो.

गंमत म्हणजे ईमॅक्समध्ये बटणं बदलायची सोय तशीच ठेवली होती. पण आधी सगळ्यांना येईल असा एक पाया घातला आणि वर लिहिलं, आता यावर काय बांधायचं ते बांधा. आणि अट काय, तर केलेल्या सुधारणा परत सगळ्यांना द्यायच्या.

*

त्याच १९७६ साली, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला बर्कलीत, बिल जॉय नावाचा विद्यार्थी व्हीआय हा एडिटर लिहीत होता. त्याच्यापुढे लिअर सीग्लर कंपनीचं एडीएम-३ए हे टर्मिनल होतं. या टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. एच, जे, के, एल याच चार बटणांवर बाण छापलेले. एच डावा, जे खाली, के वर, एल उजवा. आस्कीत कंट्रोल-एच म्हणजे एक घर मागे आणि कंट्रोल-जे म्हणजे एक ओळ खाली हे आधीच ठरलेलं होतंच, कंपनीने शेजारची दोन बटणं त्याला जोडून घेतली. जॉयने तेच चार घेतले. १९९१ साली ब्रॅम मोलनारने व्हिम बाहेर आणला, त्यातही तेच आले. आज जगभर लाखो माणसं एच-जे-के-एलने कर्सर हलवतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते टर्मिनल फोटोतही पाहिलेलं नाही.

जॉयची अडचण एमआयटीवाल्यांना नव्हती. त्याच्याकडे घरी ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं, एकूण १९२०. अख्खा पडदा पुन्हा रंगवायचा तर ६४ सेकंद! इथे प्रत्येक अक्षर मोजून खर्च करावं लागतं. म्हणून व्हीआयमध्ये आज्ञा इतक्या तुटक. डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दावर उडी, ० म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे शेवट. काटकसर अंगात भिनलेल्या घरातली भाषा जशी असते, तशी.

*

आता भाच्याचं ते विचित्र प्रकरण, अर्धविराम-५-डी.

बाणांची स्वतंत्र बटणं डिजिटल इक्विपमेंट (डेक) या कंपनीच्या टर्मिनलांवर होती. १९७५ च्या व्हीटी-५२ वर होती, आणि १९७८ च्या व्हीटी-१०० ने तर पुढच्या सगळ्यांना वळण लावलं. पण आस्कीच्या १२८ घरांत बाणांना जागाच नव्हती, सगळी घरं भरलेली. मग युक्ती केली : आधी एस्केप पाठवायचं, म्हणजे 'पुढे येतंय ते अक्षर नाही, निरोप आहे', मग चौकटी कंस, मग एक अक्षर. वर जायचं तर ए, खाली बी, उजवीकडे सी, डावीकडे डी. म्हणजे तुम्ही एकदा डावा बाण दाबता तेव्हा तारेतून तीन अक्षरं जातात.

पुढे बाणाबरोबर शिफ्ट, आल्ट, कंट्रोल दाबलंय हेही सांगायची गरज पडली. मग त्या निरोपाच्या मधे आकडा घुसवला. हिशोब असा : शिफ्टचा १, आल्टचे २, कंट्रोलचे ४, आणि त्यात वरून १ मिळवायचा. कंट्रोल म्हणजे ५. म्हणून कंट्रोल-डावा बाण म्हणजे एस्केप, चौकटी कंस, १, अर्धविराम, ५, डी. पलीकडच्या प्रोग्रॅमला हा निरोप माहीत असेल तर कर्सर एक शब्द मागे जातो. माहीत नसेल तर तो सुरुवातीचा भाग गिळतो आणि उरलेलं शेपूट स्क्रीनवर टाकतो. भाच्याच्या लॅपटॉपवर कुणीतरी ही ओळख आधीच करून दिली होती, सर्व्हरवर दिली नव्हती. बिघाड कुठेच नाही. निरोप बरोबर पोचला, घेणाऱ्याला भाषा येत नव्हती.

(डेक १९९८ साली कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ साली एचपीत गेली. व्हीटी-१०० ची भाषा मात्र अजून तुमच्या-माझ्या लॅपटॉपात बोलली जाते.)

एडिटरमधली ही बटणं आज्ञांच्या ओळीवर आली ती शेलमुळे. बेल लॅब्जच्या डेव्हिड कॉर्नने १९८३ साली कॉर्न शेल जाहीर केला, त्यात ओळ दुरुस्त करायला ईमॅक्सची पद्धत आणि व्हीआयची पद्धत, दोन्ही दिल्या होत्या. ज्याला जी हवी ती. मग १९८९ साली ब्रायन फॉक्सने लिहिलेला बॅश आला. त्यातला ओळ दुरुस्त करणारा भाग रीडलाईन या नावाने वेगळा झाला आणि इतर प्रोग्रॅमही तो वापरू लागले. रीडलाईनने मुळात धरली ती ईमॅक्सची पद्धत. म्हणून भाच्याच्या बोटाखाली कंट्रोल-ए चालला. मॅक वापरणाऱ्यांनी एखाद्या साध्या लिहायच्या चौकोनात कंट्रोल-ए दाबून बघावं, तिथेही चालतो. नेक्स्टस्टेपकडून आलेला वारसा आहे तो.

*

इथवर ऐकल्यावर भाच्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखते. "म्हणजे मला सगळी बटणं माझ्या मनाप्रमाणे करता येतील?"

येतील ना. घरच्या फोल्डरमध्ये इनपुटआरसी नावाची लपलेली फाईल असते, तिच्यात लिहायचं. आणि मग मी त्याला ती गोष्ट सांगितली जी मी घरातही फारशी सांगत नाही.

साल २००७ च्या आसपासचं. मी माझ्या मशिनवर हौसेने तीसेक बटणं बदलली होती. कंट्रोल-के उजव्या हाताशी सोयीचं म्हणून त्याला 'पुढच्या शब्दावर उडी' हे काम दिलं होतं. रीडलाईनमध्ये कंट्रोल-केचं मूळ काम काय, तर कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं कापणं. एका रात्री काहीतरी अडलं आणि मी दुसऱ्याच्या मशिनवर बसले. जुन्या महिन्याच्या रिपोर्टांचं फोल्डर उडवायचं होतं. आज्ञा लिहिली, मधल्या एका नावात स्पेलिंग चुकलं होतं, मागे जाऊन ते दुरुस्त केलं, आणि सवयीने पुढे सरकायला कंट्रोल-के दाबून लगोलग एंटर मारलं. एकाच झटक्यात, डोळे वर न करता.

पुढे सरकायच्या ऐवजी पुढचा भाग कापला गेला होता. त्या महिन्याचं नाव गेलं, आणि उरलेली आज्ञा होती 'रिपोर्टांचं सगळं फोल्डर उडव'. तिने इमानेइतबारे ते उडवलं.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून नोकरी राहिली. पण चौघांचं दिवसभराचं काम गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या चौघांनी ते माझ्याशी एक शब्दही न बोलता पुन्हा केलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या मशिनचा दोष नव्हता. ते बिचारं प्रमाण भाषा बोलत होतं. मी माझ्या एकटीच्या बोलीत बोलले, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ दुसरा होता. १९७६ साली एमआयटीत जे कळलं होतं ते मला तीस वर्षांनी, चौघांच्या खर्चाने कळलं.

आपल्याला मराठीत हे नवीन नाही खरं तर. युनिकोड रुळण्याआधीचे दिवस आठवतायत? प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या साईटचा फाँट वेगळा, एकाचं लिखाण दुसऱ्या फाँटमध्ये उघडलं की नुसती चित्रलिपी. खरं तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ पासून होता, इस्कीचं भारतीय प्रमाण १९९१ साली ठरलं, आणि त्याच साली आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. पण पाया असूनही प्रत्येकजण आपापल्या बोलीत छापत राहिला. सगळे एका पायावर आले तेव्हा कुठे आपण एकमेकांचे ब्लॉग वाचायला लागलो.

बोली वाईट असं मी म्हणत नाहीये. घरात बोलीच हवी. पण बोली अशी असावी की परक्या घरात तोंडातून निसटली तर फार तर लोक हसतील, कुणाचं नुकसान होणार नाही.

*

मग आम्ही दोघांनी बसून त्याची इनपुटआरसी केली. नियम एकच : ज्या बटणाला आधीपासून काम आहे त्याला हात लावायचा नाही. आधी बाइंड -पी ही आज्ञा देऊन कुठल्या बटणाला काय काम आहे त्याची यादी बघितली. मग कंट्रोल-व्ही दाबून लगेच कंट्रोल-डावा बाण दाबला, म्हणजे ते बटण नेमका काय निरोप पाठवतं ते पडद्यावर दिसतं. तो निरोप फाईलमध्ये लिहून त्याच्यापुढे बॅकवर्ड-वर्ड लिहिलं, उजव्या बाणासाठी फॉरवर्ड-वर्ड. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबून फाईल पुन्हा वाचायला लावली. दोन ओळींत काम झालं. सर्व्हरवरही तेच केलं, आणि अर्धविराम-५-डी गायब.

आणखी दोन ओळी त्याच्या हट्टाखातर : आज्ञेची पहिली काही अक्षरं टाईप करून वरचा किंवा खालचा बाण दाबला की त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या आज्ञा येतात. परक्या मशिनवर हे चाललं नाही तर वेगळीच जुनी आज्ञा समोर येते, ती दिसते, आणि एंटर मारण्याआधी आपण थांबू शकतो. (थांबतोच असं नाही, हे मी सांगायला नको.)

कंट्रोल-ए, ई, आल्ट-बी, आल्ट-एफ मात्र फाईलीत लिहायचेच नाहीत, बोटांना शिकवायचे. ते कुठेही गेलं तरी बहुधा भेटतात. पोळ्या लाटून होईपर्यंत त्याने तोच सराव केला.

भाचा परत गेला. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. लॅबमध्ये शेजारचा मुलगा डावा बाण टकटकवत बसला होता म्हणे. याने सांगितलं, कंट्रोल-ए दाब. त्याने विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाला, आत्याने.

बरं वाटलं. गाय स्टीलचं नाव घ्यायला हवं होतं खरं तर, पण असो.